हॉटेलच्या दिवाणखान्यातून जनावर नेण्याचा हक्क

मी, नाझ्झारेनो बाल्दोनी, दिवंगत एत्तोरे बाल्दोनी यांचा थोरला मुलगा, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय माळीकाम, अविवाहित, राहणार मोन्तेरासो, पालाझ्झो मार्सोलिनी या जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणातली तबेल्याची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. शुद्धीबद्दल कोणाला शंका आल्यास आमच्या डॉक्टरांना विचारावे. त्यांना माझ्या हृदयाची खात्री नाही, डोक्याबद्दल त्यांनी अजून तक्रार केलेली नाही. यापूर्वीचे एक मृत्युपत्र रागाच्या भरात केले होते, ते मी चुलीत घातले आहे.

कलम १. पोस्टातली शिल्लक माझ्या अंत्यविधीला वापरावी. पेटी साधी असावी आणि फादरांनी प्रवचन आवरते घ्यावे. हॉटेलकडून पुष्पचक्र आले तर नाकारू नये, पण त्यांचा माळी फुले तारेने आवळतो. तेवढी तार सोडवावी.

कलम २. कुदळी, खुरपी, छाटणीची कात्री व हातगाडी बागेसोबत राहतील. कलम करायचा चाकू शेजारी सान्तिनो याला द्यावा, मात्र त्याने २००८ साली नेलेली माझी शिडी परत आणल्यावरच. तो म्हणेल की शिडी त्याचीच होती. तिच्या चौथ्या पायरीखाली माझे नाव कोरलेले आहे.

कलम ३. बाग. यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पालाझ्झोच्या मागे भिंतीआड माझी बाग आहे. अंजिराचे झाड, विहीर, भाजीचे वाफे, कोंबड्यांचे खुराडे आणि मी राहतो ती खोली. १९२१ साली काउंटसाहेबांनी ती माझ्या आजोबांना लिहून दिली. बागेला दुसरी वाट नाही, म्हणून दस्तात असेही लिहून दिले की बाल्दोनी कुटुंबाने पालाझ्झोच्या मुख्य दारातून ‘पायी, हातगाडीने व जनावरासह’ जावे-यावे. त्या काळी दारामागच्या बोळातून बग्ग्या जात. २००३ साली पालाझ्झोचे हॉटेल झाले, बोळाचा दिवाणखाना झाला. तिथे आता संगमरवरी फरशी आहे, पांढरे सोफे आहेत आणि बाटल्यांत काड्या बुडवून ठेवलेले काहीतरी सुगंधी असते. त्या सगळ्यामधून मी रोज खताची हातगाडी नेतो.

व्यवस्थापिका दोनाती मॅडम यांनी पहिल्याच वर्षी मला गाठले होते.

“अहो नाझ्झारेनो, निदान पाहुण्यांच्या नाश्त्याच्या वेळी तरी शेण आणू नका हो!”

“मॅडम, दुपारी ऊन तापतं. मग आणखी वास येईल.”

“मग आणूच नका ना. आम्ही तुम्हाला पाकिटातलं खत देतो. बिनवासाचं.”

“बिनवासाच्या खतावर बिनचवीचे टोमॅटो येतात. ते तुमच्या स्वयंपाकघरात आधीच आहेत.”

त्यानंतर त्यांनी बाग विकत मागितली. तिथे पोहण्याचा तलाव करायचा होता. मी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. दर वर्षी त्या मागत राहिल्या आणि मी नाही म्हणत राहिलो. आमचे संबंध एकूण चांगले आहेत.

२०१२ च्या नोव्हेंबरात मात्र त्यांच्या वकिलाचे पत्र आले. एखादा हक्क सलग वीस वर्षे बजावला नाही तर तो कायद्याने मरतो. आमची जुनी गाढवीण शेवटची त्या दारातून गेली ती १९९३ च्या सतरा जानेवारीला, संत अंतोनिओच्या सणाला, चर्चपुढे जनावरांना आशीर्वाद देतात तेव्हा. पुढे ती मेली, मी दुसरी घेतली नाही. पत्रात फार गोड भाषेत लिहिले होते की जनावराचा हक्क लवकरच संपत असल्याने मी आत्ताच हक्कसोडपत्र लिहून दिल्यास सर्वांची सोय होईल. मोठ्या शहरातला वकील. दोन महिने गप्प बसला असता तर हक्क आपोआप मेला असता आणि मला पत्ताही लागला नसता. पण त्याला नाताळाच्या सुट्टीआधी काम उरकायचे होते.

मी गाढवीण विकत घेतली. मठातल्या थोरल्या बाईंसारखी ती कोणाकडे न पाहता चालते, म्हणून तिचे नाव बादेस्सा ठेवले. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, पाहुण्यांनी दिवाणखाना भरलेला असताना, मी तिला घेऊन दारापाशी उभा राहिलो. साक्षीला औषधांच्या दुकानाचे मालक घड्याळ हातात धरून हजर होते.

दारात माझा धाकटा भाऊ ओत्ताव्यो उभा होता. इथे त्याच्याबद्दल लिहिणे भाग आहे.

वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. मला बाग आली, त्याला पालाझ्झोतल्या वरच्या दोन खोल्या, ज्यांत आम्ही जन्मलो. त्याने त्या हॉटेलला विकल्या. आईचा पलंग होता तिथे आता पाय असलेला न्हाणीचा टब आहे. सौद्यात त्याला दरवानाची नोकरीही मिळाली. कागदांवर सह्या होत असताना मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, “आईचं घर विकलंस ना? आता तिच्याच दारात टोपी काढून उभा राहा जन्मभर.”

तो म्हणाला, “दादा, असुंताला जिने चढवत नाहीत रे. तुला ठाऊक आहे.”

मला ठाऊक होते. त्याच्या बायकोचे गुडघे गेले होते आणि जिन्याला बासष्ट पायऱ्या होत्या. त्या पैशांतून त्याने स्टेशनजवळ तळमजल्यावर घर घेतले. हे ठाऊक असूनही मी बोललो, आणि तो खरोखरच तिथे टोपी काढून उभा राहिला. सोळा वर्षे आम्ही बोललेलो नाही. तो मला इतर पाहुण्यांसारखा “शुभ दिवस, महाशय” म्हणतो, कारण तो नोकरीचा नियम आहे. मी काहीच म्हणत नाही, कारण मला नोकरी नाही.

तर त्या रविवारी मॅडम धावत आल्या. “ओत्ताव्यो, दार लावून घ्या! ताबडतोब!”

दाराची एकच फळी उघडी होती आणि बादेस्साच्या पाठीवर दोन्ही बाजूंना टोपल्या होत्या. एका फळीतून ती मावत नव्हती. दुसरी फळी फक्त लग्नाला आणि मयताला उघडतात. ओत्ताव्योने मॅडमकडे पाहिले, गाढविणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही. मग वाकून त्याने खालची कडी काढली आणि दुसरी फळी उघडली. बादेस्सा संगमरवरावरून शांतपणे चालत गेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

ओत्ताव्योला दोन महिने मागच्या दारी, कपड्यांच्या गाठोड्यांपाशी बसवले. मी त्याचे आभार मानले नाहीत. वसंतात हॉटेलच्या माहितीपत्रकावर गाढविणीचा फोटो आला, खाली ‘अस्सल ग्रामजीवन’ असे छापले होते. मॅडमनी मला विचारले, “बादेस्साला गुरुवारी अकरा वाजता जमेल का? पाहुणे विचारतात.” मी म्हटले, तिला विचारून सांगतो.

पुढच्या जूनमध्ये ओत्ताव्यो निवृत्त होत आहे. असुंता गेली. मूलबाळ नाही. निवृत्त दरवानाला त्या दारातून आत जायला कोणी देणार नाही. तो नोकरीत असतानाही नोकरांची ये-जा मागच्या दारानेच असते. ज्या घरात तो जन्मला त्याच्या दारातून तो सोळा वर्षांत एकदाही आत गेलेला नाही.

म्हणून बाग, खोली, अवजारे, बादेस्सा आणि मुख्य दारातून पायी, हातगाडीने व जनावरासह जाण्याचा हक्क, हे सर्व मी माझा भाऊ ओत्ताव्यो बाल्दोनी याला देतो. त्याने हक्क नियमित बजावावा, विशेषतः नाश्त्याच्या वेळी.

त्याने वारसा नाकारल्यास हे सर्व हॉटेलला जाईल आणि अंजिराच्या जागी तलाव होईल. ही अट मी मुद्दाम घातली आहे. तो हट्टी आहे, आमच्या घरात सगळेच आहेत, पण ते झाड आईने लावलेले आहे.

कलम ४. वर लिहिलेले ते वाक्य मी बोललो, ते बोलायला नको होते. ओत्ताव्योने मला माफ करावे. हे मला तोंडाने सांगता आले असते, तो रोज सकाळी माझ्यापासून हातभर अंतरावर उभा असतो. जमले नाही. नोटरीसाहेबांनी मसुदा वाचून सांगितले की माफी ही मालमत्ता नसल्याने हे कलम कायद्याने निरर्थक आहे, काढून टाकावे. मी त्यांचा सल्ला ऐकून घेतला आहे आणि कलम ठेवले आहे.

स्वहस्ताक्षरातल्या मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

साक्षीदार:
१. फाब्रित्सिओ लुचेंती, औषधविक्रेते (सही)
२. इओलान्दा पेरुत्सी, बेकरीवाल्या (सही)

नाझ्झारेनो बाल्दोनी (सही)
मोन्तेरासो, ९ मार्च २०१९