निवांत खेकड्याची तक्रार

पांग्यो,
सोमवार, २४ नोव्हेंबर

ती. मावशीस,
गाऊलचा वाकून नमस्कार.

जेवण झालं असेल असं धरून चालते. इकडे आज सकाळी शून्याखाली तीन अंश होते, म्हणजे तुमच्या गुनसानला समुद्रामुळे एखादा अंश कमी थंडी असेल. गुडघा कसा आहे? आई म्हणते की तू रोज दुपारी तीन ते चार दुकानाच्या मागच्या खोलीत पाय वर करून पडून असतेस आणि कुणाचाही फोन उचलत नाहीस. डॉक्टरांचं इतकं काटेकोर ऐकणारं आपल्या घराण्यात दुसरं कुणी झालं नाही, असं तिचं मत आहे. तू पाठवलेले चारही डबे पोचले. मुळ्याची किमची अजून आंबायची आहे, ती बाल्कनीत ठेवली आहे. सोयात मुरवलेले खेकडे आठवडाभर पुरतील असं तू लिहिलं होतंस, ते दोन दिवसांत संपले. (मी एकटीने संपवले. पाहुणे कुणी नव्हते.)

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. हाताने लिहायची सवय मला गेल्याच आठवड्यात लागली आणि ती नाइलाजाने लागली. झालं असं की मला चौदा दिवस खेळायला बंदी झाली आहे, आमच्याच कंपनीच्या खेळात, आणि ती बंदी घालणारी यंत्रणा मी लिहिलेली आहे.

माझं काम तू गिऱ्हाइकांना 'कॉम्प्युटरचं' म्हणून सांगतेस. ते बरोबरच आहे, पण नेमकं सांगायचं तर मी वर्तन विभागात आहे. तुला या खेळातलं काही माहीत नसणार, म्हणून थोडक्यात सांगते. दोन बाजू, प्रत्येकी पाच जण, मध्ये जंगल, दोन्ही टोकांना वेशी. समोरच्यांच्या पाडायच्या, आपल्या राखायच्या. मेलं की तीस सेकंदांनी माणूस पुन्हा उभा राहतो. जोडीला अनोळखी चौघे यंत्र निवडून देतं, आणि खेळता खेळता खाली लिहून एकमेकांशी बोलता येतं. सगळी भांडणं त्या खालच्या ओळीत होतात. सामना संपला की, जिंका नाहीतर हरा, दोन्ही बाजूंनी 'कष्ट घेतलेत सगळ्यांनी' असं लिहून मगच बाहेर पडायची रीत आहे. ती कुठल्याही नियमात लिहिलेली नाही (मी शोधलं), पण न लिहिता निघून गेलेला माणूस पंगतीतून न सांगता उठल्यासारखा दिसतो. कुणी शिवीगाळ केली की समोरचा तक्रार करतो, माझी यंत्रणा बोलणं तपासते आणि शिक्षा ठरवते. तिच्यात चार हजार एकशे बारा वाईट शब्दांची यादी आहे. ती मी स्वतः तपासली आहे, त्यामुळे शिव्यांचं माझं ज्ञान आपल्या घराण्यात सर्वांत मोठं असावं, पण त्यातला एकही शब्द मी आजवर वापरलेला नाही. हे लक्षात ठेव, कारण माझ्या बाजूने एवढाच मुद्दा आहे.

गेल्या मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी सरावाला बसले. (कामाच्या वेळेत खेळायला आम्हाला दिवसाला एक तास मुभा आहे. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही.) यंत्राने जे चौघे दिले त्यात 'निवांत खेकडा' नावाचा एक खेळाडू होता. नावाप्रमाणेच होता. खेळ ऐन रंगात आला असताना त्याने लिहिलं, "जरा वेस धरा, दारात बाई आल्यात," आणि तो जंगलात नुसता उभा राहिला. दोन मिनिटं दहा सेकंदांनी परत आला आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "झालं. तिळाची पानं हवी होती." मधल्या काळात तो मेला होता. मग तो मरतच राहिला. बरं, मरून रागवावं, तर तेही नाही. समोरच्याने मारलं की त्यालाच लिहायचा, "छान मारलंत हो." मारणाऱ्याला शाबासकी देणारा माणूस मी आठ वर्षांत पाहिला नव्हता. आमच्यातल्या बाकी तिघांनी यादीतले शब्द वापरायला सुरुवात केली. मी केली नाही. मी फक्त आकडे दिले. मी लिहिलं, "आपण अकरा वेळा मेलात. त्यांपैकी नऊ वेळा एकाच झुडपाजवळ. झुडूप जागचं हललेलं नाही." थोड्या वेळाने असंही लिहिलं की आपण आला नसतात आणि आम्ही चौघेच खेळलो असतो तर जिंकण्याची शक्यता सहा टक्क्यांनी वाढली असती. हे मी अंदाजाने लिहिलं नव्हतं, गणित करून लिहिलं होतं. आम्ही हरलो. शेवटी सगळ्यांनी 'कष्ट घेतलेत' लिहिलं, शिव्या देणाऱ्या तिघांनीही. मी लिहिलं नाही, कारण ते वस्तुस्थितीला धरून नव्हतं. सगळ्यांनी घेतले नव्हते.

खेकड्याने तक्रार केली, ती पाच वाजता. यंत्रणेने शिव्या देणाऱ्या तिघांना तीन-तीन दिवस दिले आणि मला चौदा. मला वाटलं दोष राहिला आहे. तपासलं, तर दोष नव्हता. वसंतात आम्ही नियमांत एक नवा गुन्हा घातला होता, 'शब्द स्वच्छ, हेतू थंड'. तो ओळखायला यंत्रणेला उदाहरणं दाखवून शिकवावं लागतं, आणि ती उदाहरणं जमवायचं काम प्यो या आमच्या विभागातल्या सर्वांत नव्या मुलाकडे होतं. मी त्याला विचारलं की उदाहरणं कुठून आणलीस. त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही मला कामाबद्दल जे निरोप पाठवता ना, तेच. एकाच ठिकाणी चारशे मिळाले. इतका शुद्ध माल दुसरीकडे कुठे मिळणार?" यंत्रणा शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर येते. मी तिचा आदर करते.

आता यात अडलंय काय, तर येता शनिवार. त्या दिवशी, २९ तारखेला, नोकरदारांच्या स्पर्धेचा अंतिम सामना आहे, खऱ्या रंगमंचावर, काचेच्या खोल्यांत, प्रेक्षकांसमोर. समोर फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीचा संघ आहे. आमच्यात नेमके पाच जण आहेत. सहावा ऑक्टोबरमध्ये बुसानच्या शाखेत गेला. चार जण उतरले तर न खेळताच हार. आणि आमची कर्णधार आहे चॉन बाई, माझी विभागप्रमुख. सतरा वर्षांची असताना ती एका व्यावसायिक संघाच्या निवडीला गेली होती. तिथल्या माणसाने तिला विचारलं, कुणाला भेटायला आलीस, आणि तिच्या हातात ज्यूसची बाटली देऊन परत पाठवलं. तेव्हापासून सव्वीस वर्षं ती मंचावर चढलेली नाही. नव्या वर्षात आईच्या आजारपणासाठी ती नोकरी सोडून गावी जाणार आहे. मला ती एका शब्दाने बोलली नाही. फक्त बुधवारी तिने संघाची पाच जॅकेटं आणली आणि पाचही खुर्च्यांच्या पाठीला अडकवली, माझ्याही. माझ्यामागे ते सहा दिवस लटकतं आहे. मी मागे टेकून बसणं सोडून दिलं आहे.

प्यो म्हणाला, एक कळ दाबतो, शिक्षा उडते, कुणाला कळणार आहे? मी म्हटलं, मला. आणि बंदी खात्याला नाही, माणसाला लागते, स्पर्धेतही लागते. (ही सुधारणाही माझीच.) एकच रस्ता उरतो. गुन्हेगाराने स्वतःच्या हाताने माफीपत्र लिहायचं, त्याचा फोटो पाठवायचा, आणि तक्रारदाराने ते मान्य केलं तर शिक्षा माफ. हे कलम मी घातलं तेव्हा बैठकीत म्हणाले होते की याचा उपयोग कुणीही करणार नाही.

पहिला मसुदा मी बिघाडाच्या अहवालासारखा केला, कारण मला तोच नमुना येतो. तारीख, वेळ, घटना, मूळ कारण, पुन्हा घडू नये म्हणून उपाय. चॉन बाईने वाचून विचारलं, "हे माफीपत्र आहे की विम्याची नोटीस?" दुसऱ्या वेळी मी आधी अभ्यास केला. बड्या खेळाडूंची माफीपत्रं लोक कशी सोलून काढतात ते पाहिलं. 'अनवधानाने' लिहिलं की माणूस संपला, 'जर कुणी दुखावलं असेल तर' लिहिलं की कायमचा संपला. हे दोन्ही टाळलं. प्यो वाचून म्हणाला, "ताई, चूक एकही नाही. पण वाचताना मलाच वाटलं की खेकड्याने तुमची माफी मागावी." तिसरा मसुदा त्यानेच सांगितला आणि मी लिहून घेतला. त्यात अश्रू होते, थरथरते हात होते, आणि 'त्या दिवसापासून डोळ्याला डोळा नाही' असं वाक्य होतं. सही करताना हात थांबला, कारण आदल्या रात्री मी सात तास दहा मिनिटं झोपले होते आणि त्याची नोंद मनगटावर होती. चौथा मसुदा माझा मीच, शुक्रवारी, तीन ओळींचा केला आणि पाठवून दिला. तीन दिवस झाले. खेकड्याने तो उघडलेलासुद्धा नाही.

तू एकोणतीस वर्षं तोंडीलावण्यांचं दुकान चालवते आहेस. लसूण कमी पडला म्हणून अर्धी संपलेली बरणी परत आणणाऱ्या बायकांना तू हसत तोंड देतेस, आणि त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. रागावलेल्या माणसाला काय म्हटलं म्हणजे तो वळून बघतो, एवढंच मला तुझ्याकडून हवं आहे. हवं तर शब्द जसेच्या तसे सांग, मी उतरवून घेईन.

गुडघ्याला शेक देत जा. आईची प्रकृती ठीक आहे.

तुझी आज्ञाधारक भाची,
गाऊल

ता. क. वरचं पत्र मी तुला काही माहीत नाही असं धरून लिहिलं. ते खरं नव्हतं. मावशी, निवांत खेकडा तू आहेस. हे मी कंपनीच्या नोंदींत पाहिलेलं नाही (मनाई आहे, आणि मी मनाई पाळते). सामन्याच्या शेवटी, मी बाहेर पडता पडता, तू मला उद्देशून एक ओळ लिहिली होतीस: "आमच्या बहिणीची मुलगी पांग्योला असल्याच कंपनीत मोठी इंजिनिअर आहे. एवढी हुशार आहे, पण ती कुणाशी असं बोलत नाही." माफीपत्र तुझ्या खेळात उजवीकडे वर, घंटेच्या चित्राखाली, लाल ठिपक्यात आहे. ठिपका दाबलास की उघडेल. 'मान्य' हे निळं बटण आहे. दुपारी तीन ते चारमध्ये तू काय करतेस हे आईला मी सांगणार नाही. याला धमकी समजू नकोस, ही फक्त माहिती आहे.

ता. क. २. मंगळवार सकाळ. निळं बटण दाबू नकोस. पाकीट बंद करण्याआधी काल मी त्या सामन्याचं चित्रण पुन्हा पाहिलं. तेव्हा मी फक्त तू किती वेळा मेलीस ते मोजलं होतं, का मेलीस ते पाहिलं नव्हतं. त्या झुडपातून माझ्या पाठीमागे येणारी वाट दिसते. नऊ वेळा तू तिथे आडवी उभी राहिलीस, आणि त्यातल्या सात वेळा माझ्या मागे येणारा माणूस तुझ्यापाशी अडकला. तू कुणाला सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. सहा टक्क्यांचं गणित चुकलं होतं, उत्तराची बाजूच उलटी होती. तुझी तक्रार योग्य आहे. ती माझ्यासमोर आली असती तर मी ती मंजूर केली असती. चौदा दिवस मी पुरे भोगते.

पण शनिवार उरतोच. स्पर्धेच्या नियमांत यंदा एक कलम आलं आहे, कंपन्या कुटुंबवत्सल दिसाव्यात म्हणून: संघातलं कुणी येऊ शकलं नाही तर त्याच्या घरचं एक माणूस चालेल. ते कुणी वाचलं नव्हतं. मी वाचलं होतं, पण माझ्या घरचं माणूस म्हणजे आई, आणि आईला फोनचा गजरही बंद करता येत नाही, म्हणून सोडून दिलं होतं. नावं गुरुवारी सहापर्यंत द्यायची आहेत. पत्र मिळालं की फोन कर. शनिवारी सकाळची गाडी घेतलीस तर मी स्टेशनवर येईन. त्या दिवशी मध्येच उठून दाराकडे जाता येणार नाही, तेवढी 'दुकान बंद'ची पाटी आधीच लाव.

काल चॉन बाईला मी ते चित्रण दाखवलं. तिने नऊही मरणं शेवटपर्यंत पाहिली, मग माझ्या खुर्चीवरचं जॅकेट काढून त्याच्या बाह्या तुझ्यासाठी दोनदा दुमडल्या. म्हणाली, मावशींना सांग, जिंकलो-हरलो याचं आम्हाला काही नाही, येऊन मजेत खेळा. हे साफ खोटं आहे. मी दुरुस्त केलं नाही.