सीलांच्या खडकावरची मोकळी जागा

२ नोव्हेंबर
बेटावर पोचले. समुद्र शांत, ऊन लख्ख. पुष्कळ दिवसांनी मला भूक लागली. होडीवाल्या क्लॅरीकाकांनी सामान उतरवून दिलं. त्यांच्या बायकोने बरणीभर खारवलेले पक्षी पाठवलेत. म्हणाले, "वास येईल पोरी, पण सीलांपुढे हे अत्तरच."

माझ्या नवऱ्याची, वॉरिकची झोपडी होती तशीच आहे. गेल्या डिसेंबरात सीलांची मोजणी अर्धवट सोडून तो इथून नाहीसा झाला. प्रेत मिळालं नाही. या हंगामाची मोजणी मी मागून घेतली. काका मला वीस तारखेला न्यायला येतील.

४ नोव्हेंबर
झोपडीच्या पायरीवर बसायचं आणि चौकटींच्या कागदावर प्रत्येक सील टिंबाने दाखवायचा. माद्या दाटीने पडतात, पण एकमेकींना शिवत नाहीत. शिवली की चावा. नरांच्या हद्दी पक्क्या. प्रत्येकाला एका खोलीएवढी जागा. पाण्यात न उतरता, न खाता तो ती आठवडेच्या आठवडे राखतो.

मध्यभागी मात्र एक जागा मोकळी आहे. शेजारचे नर तिच्या कडेपर्यंत येतात, मान उंच करून गुरगुरतात आणि मागे फिरतात. पलीकडे कुणी उभं असल्यासारखे.

७ नोव्हेंबर
रेडिओवर काकांना विचारलं. अशा जागेत पाय ठेवायचा नाही, म्हणाले. आमच्याकडे शेंबड्या पोरांनाही ठाऊक असतं. उभा राहील तो तिचा जागेवाला, आणि जागेवाल्याला शेजारी बाहेर पडू देत नाहीत. मी हसले असेन. ते म्हणाले, "हास. तुझा नवराही हसला होता, आणि मग त्या जागेत गेला होता."

९ नोव्हेंबर
जाऊन आले. दुपारी सगळे सुस्तावले तेव्हा, बचावाला हातात फळी आडवी धरून. वॉरिक तिथे गेला होता हे कळल्यावर राहवेना.

काही सापडलं नाही. बूट नाही, बटण नाही. खडक तेवढा ऊबदार होता. खाली बसले आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा रडले. परतताना एकही नर अंगावर आला नाही. उलट वाट दिली.

११ नोव्हेंबर
मधली जागा भरली. माद्या तिथे पसरल्या आहेत. सहा नर चढण चढून वर आले आणि झोपडीभोवती बसले. पावलांनी मोजलं. सगळीकडे अंतर सारखं. नकाशावर मोकळी जागा आता एकच आहे आणि तिच्या मधोमध मी आहे.

१३ नोव्हेंबर
पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊ देतात. पुढे एक पाऊल टाकलं तर एका नराने फळीचे दोन तुकडे केले. मांडीला जखम आहे, खोल नाही.

काकांनी रेडिओवर मनसोक्त शिव्या दिल्या. मग हळू आवाजात म्हणाले, जागा सुटते ती एकाच प्रकारे. दुसरा येऊन घेतो तेव्हा. पहिल्याचं काय होतं, हे मी विचारलं नाही. ते उद्याच येतो म्हणाले.

१४ नोव्हेंबर
होडी आली. त्यांनी तीनदा बंदूक उडवली. एकही सील हलला नाही. ते खडकावर उतरले, पण पहिल्या नरानेच त्यांना मागे रेटलं. खालून हातवारे करत होते. मी दोनदा खाली उतरायचा प्रयत्न केला. तीनला वारा वाढला आणि ते गेले. मान वळवून बघत गेले.

१५ नोव्हेंबर
लाटा मोठ्या. होडी नाही.
भूक लागत नाही. कालपासून काही खाल्लं नाही आणि काही वाटतही नाही.

१६ नोव्हेंबर
सकाळी पाण्याच्या कडेच्या माद्या बाजूला झाल्या. तिथे काहीही नाही. मोकळी जागा, खोलीएवढी. तासाभराने ती वर सरकली — पुढच्या उठतात, मागच्या पुन्हा पडतात. दुर्बिणीतून पाहिलं. ओला खडक, बस.

१७ नोव्हेंबर
चढणीच्या अर्ध्यावर. त्याच्यासमोर नर माना खाली घालतात. माझ्यासमोर कधी घातल्या नाहीत.
काका विचारत होते, कोण येतंय. मला नाव घेता आलं नाही.

१८ नोव्हेंबर
दोन हद्दी आता चिकटल्या आहेत. एका जागेत दोघं कधी राहत नाहीत — पंधरा दिवस मीच तर मोजतेय —
रेडिओवर नुसती खरखर.

दुपार
समोरचे दोन नर उठून बाजूला झाले. वाट झोपडीकडेच. मी हाक मारली. वॉरिक असेल तर ओळखेल, असं —

मागच्या दारानेही — तिथेही बसलेत, अंतर तेवढंच —

मी जागा सोडते. सोडतेच आहे. पण हे मला जाऊ देत ना