बाथरूमपासून देवघरापर्यंतची कड

मी, इरावती देवीदास पिंपळखुटे, वय सेहेचाळीस, शासकीय नोकरीत, राहणार चौबे कॉलनी, रायपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मन शांत आहे असे मात्र लिहिणार नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. मी उठलेच नाही तर वन्संचे काय, या एका प्रश्नासाठी हा कागद आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे यजमान देवीदास हयात नाहीत. मुलगी राधिका सज्ञान आहे, इथेच कॉलेजात शिकते. यजमानांची थोरली बहीण वनमाला, म्हणजे माझ्या वन्सं, अविवाहित असून आमच्याकडेच राहतात. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे. उजेड कळतो, माणूस कळत नाही. धाकटे दीर नरेंद्र सिलतऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहेत.

२. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. नवे राज्य झाले तेव्हा भोपाळहून बदलीवर आले आणि माझ्या पगारातून ते घेतले. माझ्यानंतर ते राधिकाचे. परंतु वन्संना त्यात हयातभर राहण्याचा हक्क राहील, आणि त्या हयात असेपर्यंत घर विकू, गहाण ठेवू किंवा भाड्याने देऊ नये. तसेच बाथरूमच्या दारापासून देवघराच्या उंबऱ्यापर्यंतच्या भिंतीवरील टाइल्स फोडू नयेत, आणि त्या भिंतीला लागून कपाट, सायकल, बादली, काहीही ठेवू नये.

वकीलसाहेब हसले. "मॅडम, वसीयत में टाइल्स कौन लिखवाता है?" म्हणून कारण लिहिते.

वन्सं रोज आंघोळ करून सोवळे नेसतात आणि पूजा होईपर्यंत कोणी त्यांना शिवायचे नाही. दिवसभर आम्ही त्यांचा हात धरतो, पण त्या वेळी धरता येत नाही. बाथरूमपासून देवघरापर्यंत त्या भिंतीच्या आधाराने एकट्या जातात. त्या वेळी मी ऑफिसला नवा रायपूरला जाणाऱ्या बसमध्ये असते आणि राधिका कॉलेजला निघण्याच्या घाईत. भिंतीला ओल धरली, पोपडे त्यांच्या सोवळ्यावर गळू लागले, तेव्हा बाथरूमबरोबर ती भिंतही कंबरेइतक्या उंचीपर्यंत पोर्सेलिनच्या टाइल्सने मढवून घेतली. वरची कड बोटांना लागावी, तिच्यावरून त्यांनी चालावे, असा विचार होता.

हिरालाल मिस्त्रीने बाथरूमच्या दाराशी, जिथे भिंत वळते, तिथे दोन टाइल्स तिरक्या कापून एकमेकींना भिडवल्या. "देखो दीदी, जोड़ दिखता है क्या?" दिसत नव्हता. काम खरेच देखणे होते. पण पोर्सेलिन कापले की त्याची कड काचेसारखी होते, आणि त्या वळणावरची व भिंतभर वरची कापलेली कड तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी राधिकाला पांढऱ्या टाइल्सवर एक लाल रेघ दिसली, दारापासून देवघरापर्यंत. वन्सं देवापुढे बसल्या होत्या. पदराला बोट गुंडाळले होते.

"आत्या, खून निकल रहा है!"

"हव, समजलं मले. शिवू नको. पुन्हा आंघोळ करावी लागते आता."

हिरालालने मग प्लास्टिकची पट्टी चिकटवून दिली. ती पाण्याने सुटली. वन्सं म्हणाल्या, "हे काय साप घातला काहून भिंतीवर? जागोजागी अडखळून राहिली मी." तेव्हा मी ग्राइंडर विकत आणला आणि पहिल्याच टाइलची चकाकी उडवून बसले. पुढे हाताने घासायचे दगड आणले, आधी खरबरीत, मग बारीक. पाणी लावून घासायचे, आणि दगड नेहमी चकाकीकडून आतल्या मातीकडे ओढायचा. उलटा ओढला की कपची निघते. रविवारी घासते. झाले की आधी माझा गाल लावून पाहते, बोटे माझी निबर झाली आहेत.

बाथरूमच्या दारापासून वळणापुढपर्यंत झाले आहे. देवघराजवळचा तुकडा उरला आहे. तिथे सध्या कापड चिकटवले आहे. दम लागतो म्हणून डॉक्टरांनी मला मनाई केली.

३. नरेंद्रभावजींना हे सगळे मान्य नाही. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे लिहिते, कारण ते वाईट माणूस नाहीत.

"वहिनी, ताई पडली तर? तिले माझ्याकडे पाठवा. आणि सोवळ्याचं एवढं काय घेऊन बसली ती? देव काय हात धरला म्हणून उठून जाते काय?"

मी वन्संना विचारले होते. म्हणाल्या, "इरा, दिवसभर तुमच्याच हातानं चालून राहिली मी. जेवाले हात, झोपाले हात. तेवढा एक रस्ता मले एकटीचा राहू द्या."

त्या रस्त्यासाठी हे मृत्युपत्र आहे. तरी मला रात्रंदिवस शंका येते. नरेंद्रभावजी म्हणतात तशा त्या खरेच पडल्या, तर हा माझा कागदच त्यांना त्या भिंतीशी बांधून ठेवेल का? 

४. ग्राइंडर आणि घासायचे सर्व दगड नरेंद्रभावजींना द्यावेत. उरलेला तुकडा त्यांनीच पूर्ण करावा, मिस्त्रीला बोलावू नये. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठीही मी त्यांनाच नेमते. राधिका चिडेल. पण माझ्याशी भांडणारा तेवढा एकच माणूस मला माहीत आहे जो दिलेला शब्द मोडत नाही.

५. बँकेतील ठेव आणि भविष्य निर्वाह निधी राधिकाचा. त्यातून वन्संच्या औषधाला आधी, शिक्षणाला नंतर, हौसेला शेवटी. पाटल्या तिच्याच. शिलाई मशीन ऑफिसातल्या ममताला. तिने ते इतक्यांदा उसने नेले आहे की आता परत आणायचे कष्ट वाचतील.

६. शेजारचे दत्तोपंत म्हणत असतात, "आंधळी बाई घरात टाकून ही फिरते नोकरी करत." त्यांना तेराव्याला आग्रहाने बोलवावे आणि पंगतीत वन्संच्या शेजारी बसवावे. वन्सं काय ते पाहून घेतील.

७. शेवटचे कलम राधिकासाठी. बाळा, वन्सं थकतील. एखाद्या सकाळी बाथरूमच्या दारात, ओल्या केसांनी, सोवळ्यात, त्या थांबतील आणि भिंतीकडे न जाता तुझ्याकडे हात करतील. तसे झाले तर "आत्या, सोवळं?" असे विचारू नकोस. आईने काय लिहिले होते ते आठवू नकोस. जशी असशील तशी, पारोशी असलीस तरी, जा आणि हात धर. त्या क्षणापासून कलम दोनमधील टाइल्सची अट संपली असे समजावे. मात्र हात त्यांनी पुढे केला पाहिजे, तू नाही.

वरील मजकूर मी वाचला, वन्संनाही वाचून दाखवला, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. पुढील दोघांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही.

(सही) इरावती देवीदास पिंपळखुटे

साक्षीदार:
१. (सही) अर्जुन देवांगन, सहकारी, रायपूर
२. (सही) पद्मिनी साहू, सहकारी, रायपूर

स्थळ: रायपूर, छत्तीसगढ
दिनांक: ८ फेब्रुवारी २०१३