लेकीच्या दाराची कडी

चिमीच्या आईस,

लाँचने सुखरूप पोचलो. लाटा होत्या, पण मला मळमळलं नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

चिमी बरी आहे. वाळलीय, पण जेवते. म्हटलं, "जावई गेले, आता कुणासाठी राहतेस? घरी चल."

म्हणाली, "बाबा, यांचं दुकान मी उघडलंय. मी आता इथलीच."

मग मी काय करणार? तिच्या दाराची चौकट दोन सूत खचली होती, कडी लागत नव्हती. तासून नवी कडी बसवली. कुणाकडे शिकलो नाही, पण केसभर फट नाही. तिनं दोनदा लावून पाहिली आणि हसली. न्यायला आलो होतो. एकटीनं राहायची सोय करून निघालोय.

शनिवारी येतो. धक्क्यावर थोरल्याला पाठवू नकोस. सामान माझं एकट्याचंच आहे.

तुझाच,
चिमीचे बाबा