जावयाचा हात कोणी मोडला

प्रति,
पोलीस इन्स्पेक्टर हनुमंतराव,
नदीकाठचे पोलीस ठाणे, कुंभकोणम.

विषय : मुलगा रघुपती यास सोडून अर्जदारास अटक करण्याबाबत.
संदर्भ : जावई सुंदरेश, राहणार चोळपुरम्, याची कालची खोटी फिर्याद.

साहेब,

अर्जदार वेदवतीबाई हिला तमिळ लिहिता येत नाही आणि आपल्याही घरात मराठीच बोलतात, म्हणून हा अर्ज मराठीत. अर्जदार शाळेत फार गेली नाही. पण आपण काल लिहून घेतलेत त्यात खोटे कुठे आहे ते तिला कळते.

१. अर्जदाराच्या घरी लग्नपत्रिका छापतात. रघुपतीने मासिकासोबत फुकट आलेल्या तबकडीवरून संगणकात लिनक्स बसवले. पडद्यावर चित्र येईना, म्हणून मद्रासेत शिकलेल्या जावयास बोलावले. त्याने पडद्याचे आकडे अंदाजाने भरले. पडदा आधी काळा पडला, मग शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा किंचाळू लागला. मॉनिटरचे पुस्तक बघा म्हटल्याबद्दल रघुपतीस गाढव म्हटले. शेवटी चित्र आले, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. फाँट पुन्हा बसवला, अक्षरे मोहरीएवढी. ती वाढवायला गेला, तर एकटा 'श्री' सगळ्या पडद्यात मावेना.

२. तेव्हा अर्जदार म्हणाली, "जावईबापू, एवढा श्री वाचायचा तर आम्ही काय लांब तुमच्या चोळपुरमात जाऊन बसायचे?" मुलगी अंबुजा हसली. हसवले सासूने, हसली बायको. पण सासूवर हात टाकायची छाती नव्हती. त्याने अंबुजाचा अंबाडा धरून तिचे कपाळ मॉनिटरच्या कडेवर आपटले, एकदा नव्हे, "आता दिसते का नीट?" असे विचारीत. रक्त कीबोर्डात गेले.

३. अर्जदाराने मुसळ उचलून त्याच्या उजव्या कोपरावर घातले. हाड मोडल्याचा आवाज बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसलेल्या शेजाऱ्यांनी ऐकला. दुसरा घाव डोक्यावर पडणार होता. तेवढ्यात रघुपतीने मुसळ हिसकले, आणि आपला शिपाई आला तेव्हा ते त्याच्या हातात होते. एवढाच त्याचा गुन्हा. हा मुलगा झुरळसुद्धा मारीत नाही, केरसुणीने बाहेर लोटतो.

४. सासूने मारले म्हटले तर गावात तोंड दाखवता येणार नाही, म्हणून सुंदरेश मेहुण्याचे नाव घेतो. बहिणीचा संसार मोडू नये म्हणून रघुपती कबूल होतो. तो संसार अर्जदारास मोडायचाच आहे. अंबुजा परत जाणार नाही. दिवाळीत ज्याचे पाय अर्जदाराने धुतले, त्याचा हातही तिनेच मोडला. तो मान ती पोटच्या पोरालाही देणार नाही.

५. म्हातारीत एवढे बळ कुठले, असे आपण काल हसून म्हणालात. शंका फिटत नसेल तर हत्यार आपल्याकडे जप्त आहे, आणि सुंदरेशाचा डावा हात अजून धड आहे. त्यास ठाण्यात बोलावून बसवावे. अर्जदार पंचांसमक्ष करून दाखवील.

हात जोडून, पण मान ताठ ठेवून,
वेदवतीबाई
दिनांक ११ जून १९९९

सोबत : दवाखान्याची चिठ्ठी. अंबुजाची. त्याची त्याने आणावी.