कोपऱ्यातलं तिरकं फूल

तीर्थरूप दादा,
साष्टांग नमस्कार, गुडघ्यामुळे तूर्त मनातूनच. बाकी प्रकृती उत्तम.

काल इथल्या संग्रहालयात वाळूत सापडलेलं एक झबलं पाहिलं. हजार वर्षांपूर्वी आपल्याकडून समुद्रापार आलेलं छापील कापड! कोपऱ्यात ठसा मावेना, म्हणून छापणाऱ्याने फूल तिरकं बसवलंय. अगदी तुम्ही बसवता तसं. तिथल्या बाई म्हणाल्या, "चुकलंय बहुतेक." म्हटलं, "बाई, आमच्या घरी ही चूक अजून चालू आहे." कुणा परक्या बाळाच्या अंगावर आपलं फूल, दादा!

तुम्ही छपाई बंद करून लाकडी ठसे चुलीत घालणार, असं वहिनींनी कळवलंय. घालू नका. जळण कमी पडलं तर माझ्या संस्कृतच्या वह्या घाला. त्या कुणी समुद्रापार नेणार नाही.

तुमचा आज्ञाधारक (बहुतांशी),
धाकटा