दार सोडायचं नाही

रविवार, ६ जुलै. संध्याकाळ.
आज बायको मेली. गेममधली.
ठरलं होतं असं: टेबलावरच्या नकाशात गुहेचं दार अरुंद, ते माझा योद्धा अडवणार. मागून साडूचा धनुर्धारी बाण मारणार. बायकोची वैद्यीण सगळ्यांना बरं करणार. मी दारात उभा होतोच. पण राक्षसांचा सरदार पळायला लागला, आणि पळणाऱ्याला सोडणं माझ्या रक्तात नाही. मी मागे धावलो. रिकाम्या दारातून राक्षसांचे लांडगे आत, थेट वैद्यिणीवर. शेवटचं औषध तिने आधीच मला पाजलं होतं.
फासा आमच्या डेंटिस्ट मित्राने टाकला, गेम तोच चालवतो. म्हणजे टेक्निकली दोष त्याचा.
सरदार सापडला नाही.
मेलेल्या पात्राची नकाशावरची छोटी बाहुली खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवायची, ही आमची रीत. तिने स्वतःच ठेवली. काही वर्षं खेळवलेली बाहुली. झोळीवरचे टाकेसुद्धा तिने रंगवले होते. नंतर मला चहा दिला.
उद्या सॉरी म्हणायचं. नक्की.

मंगळवार, ८ जुलै.
नुसत्या सॉरीने काय होतं? कृती हवी! लंच टाइममध्ये डावपेचांचा तक्ता केला. वर ठळक अक्षरात: काहीही झालं तरी दार सोडायचं नाही. घरी टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला. साडूला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, हे आम्ही तुला पहिल्या दिवसापासून सांगतोय. माणूस चांगला, पण धनुर्धारी. लांबून बोलायला काय जातंय?

गुरुवार, १० जुलै.
जेवणानंतर सॉरी म्हणणार होतो. त्याऐवजी प्रॅक्टिस घेतली. मिठाची डबी म्हणजे मी, बटाटे राक्षस, वाटी म्हणजे ती. तिने विचारलं, वाटी कुठे उभी राहणार? म्हटलं, माझ्या मागे, एकदम सेफ. तिने वाटी उचलली आणि घासायला टाकली.
फार वाईट वाटलं. भांडी मीच घासणार होतो, पण बटाटे आवरायचे होते.

शनिवार, १२ जुलै.
पाणी प्यायला गेलं की ती पाठमोरी दिसते. बाहुली. हल्ली बायकोही. सकाळी बाहुली आत वळवून ठेवली. दुपारी पाहतो तर परत बाहेर तोंड. मनाला नुसती टोचणी लागलीय.
हरकत नाही. उद्या दारात असा पाय रोवतो की ती स्वतःच म्हणेल, झालं गेलं विसरून जा.

रविवार, १३ जुलै. संध्याकाळ.
बायकोने नवं पात्र आणलं. चिलखत, ढाल, औषधाचा थेंब नाही. म्हणाली, दार मी धरते, तू धाव हवं तिथे. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.
मी तिच्या मागे उभा राहिलो. खूप वेळ. मग तोच सरदार पळताना दिसला.
वाटलं, याला मारला की तिचा सूड घेतल्यासारखं होईल. तिच्यासाठीच धावलो.
पुढच्या वळणावर दहा-बारा जणांनी घेरलं. मी बायकोला ओरडून म्हटलं, ये ना लवकर! ती जागची हलली नाही. भिंतीवरच्या तक्त्याकडे फक्त बोट दाखवलं. साडू खोकला. डेंटिस्टने फासा उचलला.
माझी बाहुली तिने स्वतःच्या हाताने खिडकीत ठेवली, वैद्यिणीच्या शेजारी. मला चहाही दिला.
सगळे गेल्यावर खिडकीपाशी जाऊन सॉरी म्हणालो. हळू आवाजात, वैद्यिणीच्या बाहुलीला. बायको आत होती, तिला ऐकू गेलं नसावं.
उद्या तिला म्हणतो.